कच्चा ळ

आपलं अक्षर पहिल्यांदा जगासमोर येईल ते एखाद्या देखण्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, अशी वेलांटीची समजूत होती. ते आलं मूळव्याधीच्या डॉक्टरांच्या बोर्डावर.

भाजीची पिशवी हातात घेऊन ती फुटपाथवर उभी राहिली आणि मान वर करून वाचू लागली. मूळव्याध, भगंदर, फिशर. त्याखाली दवाखान्याच्या वेळा, फोन नंबर, आणि सगळ्यात शेवटी 'चपला बाहेर काढाव्यात'. सगळं तिच्या फॉन्टमध्ये. ती इतका वेळ वाचत राहिली की शेजारून जाणारे एक सद्गृहस्थ थबकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "जा आत, संकोच करू नका. हात हलका आहे डॉक्टरांचा."

वेलांटी हे नाव तिला सरांनी दिलं होतं. सरांचा अक्षरांचा स्टुडिओ. पुस्तकांची शीर्षकं, मासिकांचे मथळे, कंपन्यांच्या पाट्या, सगळं तिथे हातानं निघायचं. कामाला बसली की ती टेबलावर अशी काही वाकायची, की सर म्हणाले, ही बाई नाही, वेलांटी आहे. अठरा वर्षं तिनं तिथे काम केलं. पुढे तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतंच उरलं.

फॉन्ट मात्र तिचा स्वतःचा. सात वर्षं, सुटीच्या दिवशी दुपारी, घरच्या जेवणाच्या टेबलावर काढलेला. प्रत्येक काना वरून भरदार निघायचा, कमरेशी बारीक व्हायचा आणि खाली टेकताना पायाशी दोन्हीकडे पाकळीसारखा उमलायचा. धंद्यात या पायांना सेरिफ म्हणतात. सासूबाई त्यांना पैंजण म्हणायच्या. "सात वर्षांचं झालं तुझं बाळ," त्या म्हणायच्या, "पैंजण घातलेत, पण पाऊल काही टाकत नाही." नवऱ्याची एवढीच तक्रार होती, की टेबल अडल्यामुळे सात वर्षं त्याला सुटीचा चहा उभ्यानं प्यावा लागला.

गेल्या वर्षी बाळ चालायला लागलं. एका प्रकाशकाला आपल्या नव्या ग्रंथमालेच्या शीर्षकांसाठी नवं अक्षर हवं होतं, आणि पुस्तकात आतल्या पानावर अक्षर काढणाऱ्याचं नाव छापणार होते. आजवर वेलांटीनं काढलेली शेकडो शीर्षकं सरांच्या नावानं गेली होती. स्टुडिओची तशी पद्धतच होती आणि तिनं त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. पण या एका पानावर तिला आपलं नाव हवं होतं. खरं नाव.

तिनं फॉन्टची एकच प्रत केली आणि ती सरांना दाखवायला दिली. देताना सरांनीच शिकवलेली एक गोष्ट केली. सर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचे, की काम तपासायला द्यायचं तर त्यात एक अक्षर कच्चं ठेवून द्यावं. उद्या कुणी पळवलंच, तर ते अक्षर ओरडून सांगतं. वेलांटीनं ळ कच्चा ठेवला. त्याचं उजवं वेटोळं मिटवलं नाही आणि टोकाला पाकळी काढली नाही. सरांबद्दल शंका होती म्हणून नव्हे. सवयीनं, जशी आपण घरात माणसं असतानाही कडी लावतो.

सरांनी महिनाभरानं सांगितलं, "अजून कच्चं आहे. वर्षभर थांब." ती थांबली.

आणि आता मूळव्याधीतला ळ उजवीकडे आ वासून तिच्याकडे बघत होता.

ती आत गेली. काउंटरवरच्या बाईंनी वर न बघता विचारलं, किती दिवसांपासून आहे.

"सात वर्षं," वेलांटी म्हणाली.

बाईंनी वर बघितलं. "आणि आधी कुणाला दाखवलंत?"

"फक्त सरांना."

बरीच वळणं घेऊन गोष्ट बोर्डापर्यंत आली, तेव्हा बाईंनी आनंदानं सांगितलं, की अक्षर सरांच्याच स्टुडिओचं. डॉक्टर त्यांचे मित्र. सरांनी या वयात स्वतः काढलंय म्हणे, आता पुस्तकांवरही येणार आहे.

सरांच्या घरापर्यंतच्या रस्त्यात वेलांटीनं त्यांना पाच वेळा निर्दोष सोडलं. डॉक्टरांनीच प्रत ढापली असेल. बाईंनी ऐकण्यात चूक केली असेल. सर नको म्हणत असताना कुणी तरी त्यांचं नाव लावलं असेल. सहावं कारण सापडायच्या आत घर आलं.

"ये वेलांटी," सर म्हणाले. "बरी आलीस, तुलाच बोलावणार होतो." टेबलावर ग्रंथमालेच्या पहिल्या पुस्तकाची कच्ची छपाई पडली होती. तिनं आतलं पान उघडलं. तिथे 'अक्षर:' आणि पुढे सरांचं नाव, तिच्या पाकळ्यांवर उभं असलेलं, पैंजणांसकट.

"सर, हे माझं आहे."

सर जराही गडबडले नाहीत. तेच तिला जास्त लागलं. "तुला काना धरायला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग?" सर मायेनं म्हणाले. "अठरा वर्षांत कधी वेगळं मोजलं का आपण?"

मोजलं नव्हतं खरं. तिनं तर नाहीच. इतकी वर्षं ज्याला ती आपुलकी समजत होती, त्याचा हा असा उपयोग असतो, हे तिला कळायला मूळव्याधीचा दवाखाना लागला.

"आणि दवाखान्याच्या बोर्डावर?" ती म्हणाली. "तुम्हीच सांगायचात ना, नटलेलं अक्षर चार-पाच शब्दांपुढे न्यायचं नाही? तिथे चपलासुद्धा त्यातच काढायला सांगितल्यात."

"मित्र आहे, अडून बसला." सरांनी विषय झटकला. "ते सोड. त्या ळमध्ये काही तरी राहिलंय बघ. मालेतलं दुसरंच पुस्तक 'जळवाट'. प्रकाशक म्हणतात ळ डोळ्यांत खुपतो, नीट झाल्याशिवाय छपाईला पाठवत नाहीत. तेवढा सोडवून दे."

हा माणूस स्वतःचा धडा विसरला होता. टेबलाखालच्या टोपलीत चुरगळलेले कागद होते. तिनं एक उचलून उलगडला. त्यावर ळ होते, दहाबारा, सगळे थरथरलेले, एकाचंही वेटोळं धड मिटलेलं नाही. सरांनी उजवा हात हळूच मांडीवर घेतला. तिला दया आली, आणि आपल्याला ती आली याचा रागही आला. मागितला असता, तर तिनं सगळा फॉन्ट दिला असता. कदाचित नावासकट. पण सरांनी मागितला तो फक्त ळ.

ती खुर्चीत बसली, पेन्सिल घेतली, वाकली. डावं वेटोळं, मग उजवं, मग एका श्वासात मिटवलेलं टोक, आणि टोकाला पाकळी. असा ळ तिलाही याआधी कधी जमला नव्हता.

"वा," सर म्हणाले. हा शब्द त्यांनी अठरा वर्षांत पहिल्यांदाच उच्चारला होता. त्यांनी कागदासाठी हात पुढे केला.

वेलांटीनं कागदाची नीट घडी केली आणि पिशवीत, भोपळ्याच्या फोडीशेजारी ठेवली.

"अजून कच्चा आहे सर," ती म्हणाली. "वर्षभर थांबा."

सरांचा हात तसाच पुढे राहिला. ती जिना उतरून खाली आली आणि प्रकाशकांच्या कचेरीची वाट धरली. तिथे ती ळ दाखवणार होती, आणि मग विचारणार होती, की एका नावाला आतल्या पानावर किती जागा लागते.