चांगदेवबाबांची दोन ऑपरेशनं

“सांगून कोनाचा इश्वास बसनार न्हाय, पन माझ्या दोनी हातांचं आपरेशन झालंय. आन् तेबी दोन तऱ्हेनं,” चांगदेवबाबा म्हणाले आणि राहीबाईच्या ओट्यावर ऐसपैस बसले.

राहीबाई मूळची दिघाशीची. भिवंडीत लूमच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरता भरता तिच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली होती. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दाबली गेलीय, मोकळी करावी लागेल. तळव्यावर चीर देऊन करू, नाहीतर मनगटाशी बारीकसं भोक पाडून दुर्बिणीनं. शेवटी गुण सारखाच. दुर्बिणीनं हात जरा लवकर कामाला लागतो, एवढंच. पण उशीर नको, अंगठ्याखालचं मांस झडायला लागलंय.

राहीबाईनं दोन्हींना नकार दिला. बाबांचा हात वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडात बरा झाला, मग माझा का नाही होणार?

ते कुंडाचं प्रकरण बाबांनीच मागे चहाच्या टपरीवर रंगवलं होतं. हात असा मेला होता म्हणे, की कावळा येऊन बसला तरी पत्ता नाही. आणि कुंडात बुडवला, तो चुटक्या वाजवतच वर आला. लोक हसले, चहा संपवून पांगले. राहीबाई तेवढी दर मंगळवारी एसटी धरून वज्रेश्वरीला जाऊ लागली. काल तिच्या हातून भरली कपबशी सुटली, ती बाबांनी पाहिली. खरं सांगून टाकावं असं ओठांपर्यंत आलं. पण जन्मात कधी तशी सवय नाही, जीभ वळेल कशी? मग त्यांनी जुन्या थापेवर नवी थाप चढवली.

डावा हात चिरून केला, उजवा दुर्बिणीनं. उजवा आठवड्यात म्हशीची धार काढायला बसला. डावा जरा रुसला, तळवा कुठं टेकू देईना. पण पुढं त्यानं अशी बरोबरी गाठली, की भाकरी कोण थापणार यावरून दोघांची जुंपायची. राहीबाई हसली. जमलं, असं वाटून बाबांनी हळूच घुसडलं, कुंडानं नुसता शेक मिळाला, गुण आला तो ऑपरेशननंच.

“मंग डाव्याची खूण कुठं हाय?”

“लई बारीक शिवलंय. डोळ्यांना दिसनार न्हाय.”

राहीबाईनं त्यांचा डावा हात ओढून मांडीवर घेतला. सुतातली गाठ ती नेहमी बोटांनीच शोधायची, डोळ्यांनी नाही. आता अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटांना काही कळत नव्हतं, म्हणून तिनं करंगळी टेकवली. मनगटापासून तळव्यावर नेली, पुन्हा खाली आणली. बाबांना हात काढून घ्यावासा वाटला. त्यांनी काढला नाही.

“करंगळीला अजून कळतंय, बाबा,” ती म्हणाली. “इथं कोनी कापलंच न्हाय. जशी ही थाप, तशीच कुंडाचीबी. तुमचा हात बधिर कवाच झाला नव्हता.”