जिन्यावरचा खोकला

लेकीच्या रक्ताचा रिपोर्ट पर्समध्ये कोंबून ती दवाखान्याबाहेर पडली, तेव्हा तिच्या डोक्यात एकच प्रश्न घोळत होता. कोण? कसं नव्हे, कुठून नव्हे. कोण?

डॉक्टरीणबाईंनी अर्थात असं काही विचारलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "पथ्य सुरू झाल्यापासून आकडा खाली यायला हवा होता. थोडा उतरला आणि आता पुन्हा चढलाय. कुठून तरी गहू पोटात जातोय. चिमूटभरसुद्धा पुरतो हिला. घरात नीट बघा."

घरात नीट बघा! अहो, घरात बघण्यासारखं उरलंच काय होतं? लेकीला सीलिअ‍ॅक आहे, गव्हाचा कणसुद्धा तिची आतडी सोलून काढतो, हे कळलं त्याच दिवशी तिनं स्वयंपाकघर धुऊन काढलं होतं. पाव, बिस्किटं, रवा, शेवया, सगळ्यांची हकालपट्टी. पोळपाट गेला, जुनी चाळण गेली, लाकडी चमचे गेले. घरात भात, मका, बटाटे आणि अंडी. सगळ्यांनी तेच खायचं, नवऱ्यानंही आणि सासूबाईंनीही.

आणि तरीही चार वर्षांची पोर सुकत चालली होती. तिला घरात भिंगरी म्हणत, कारण चालायला लागल्यापासून ती एका जागी ठरत नसे. आता तीच भिंगरी फुगलेलं पोट आणि काटकुळे पाय घेऊन खिडकीत बसून राही. हातात आईनं केलेला कागदी हत्ती.

तो हत्ती पथ्याच्या पहिल्या दिवसाचा. बिस्किटांचा डबा बाहेर गेला तेव्हा पोरीनं घर डोक्यावर घेतलं होतं. आई नाटक कंपनीत मुखवटे आणि सोंगं बनवायची. कागदाचा लगदा आणि चिकटवायची खळ यांत तिचा हात कोण धरणार? तिनं लेकीसाठी मुठीएवढा हत्ती केला. पोर सगळं तोंडात घालते म्हणून त्याला रंग लावला नाही. खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात, ते निळं विषही या खळीत घातलं नाही. वेगळी, स्वच्छ खळ शिजवली. पोरीनं सोंड चोखून चोखून झिजवली की आई पुन्हा लगदा लावून ती लांब करून द्यायची. भिंगरीला त्या हत्तीवाचून झोप येत नसे.

असो. प्रश्न होता, कोण?

उत्तर तिला ठाऊक होतं. दिवसभर पोरीपाशी सासूबाई असत. आजार कळला तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, "आमच्या वेळी नव्हते बाई असले आजार. एका घासानं काय होतंय?" नंतर त्यांनी तसं पुन्हा कधी म्हटलं नाही, उलट मुकाट्यानं मका खाऊ लागल्या. पण मनात एकदा पाल चुकचुकली की ती गप्प बसत नाही. आई संध्याकाळी घरी आल्या आल्या लेकीला जवळ घ्यायची ते लाडानं नव्हे, तिच्या तोंडाचा वास घ्यायला.

"आज आजीनं काय दिलं?"

"भात."

"आणि?"

भिंगरी आजीकडे बघायची, आजी भिंतीकडे. दोघींची अळीमिळी गुपचिळी.

त्यात तो खोकला. ती जिना चढून वर येऊ लागली की वरून पोरीचा खोकला ऐकू यायचा, दोनदा, कोरडा. घरात शिरावं तर खोकला गायब. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलंही. त्या छाती तपासून म्हणाल्या, "छातीत काही नाही."

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्य खाली-वर करण्यात गेलं, पण बायको आणि आई यांच्यामध्ये कुठल्या मजल्यावर थांबावं, ते त्याला उमगेना.

"आई असं करणार नाही गं."

"मग कोण करतंय? मी?"

"मी कुठं तसं म्हणतोय?"

"मग म्हणू नकोस."

रिपोर्टच्या दुसऱ्याच दिवशी ती मुद्दाम लवकर घरी आली. सासूबाई न्हाणीघरात होत्या. त्यांचा करडा स्वेटर खुर्चीवर होता. तिनं खिशात हात घातला. असं करू नये हे तिला कळत होतं, पण हात गेलाच. बोटांना रवाळ काहीतरी लागलं. तिनं खिसा उलटा केला. बिस्किटाचा चुरा.

सासूबाई ओल्या केसांनी बाहेर आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काय आहे, आई?"

म्हातारीनं नाही म्हटलं नाही. तेच तिला सगळ्यात जास्त लागलं. नाही म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"मी खाते गं," सासूबाई हळूच म्हणाल्या. "संध्याकाळच्या चहाबरोबर एक. वरच्या जिन्यात बसून. जन्मभराची सवय, नाही सुटली. घरात आणत नाही. तिला देत नाही. ती दारात उभी राहते फक्त. तू येताना दिसलीस की खोकते."

"खोकते?"

भिंगरीनं मान हलवली. "मी राखण करते. मला नाही खायचं. माझ्या पोटात दुखतं."

त्या वेळी तिनं लेकीच्या या शेवटच्या दोन वाक्यांकडे लक्ष द्यायला हवं होतं. पण चोर सापडल्याच्या आनंदात मुद्देमाल कोण तपासतो? ती आवाज चढवून एवढंच म्हणाली, "त्याच हातांनी तिला भरवता ना?"

सासूबाईंनी आपले हात बघितले. पुढून, मागून, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते.

"धुते की गं मी," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "धुते ना?"

दोन दिवसांनी नवरा आईची पिशवी उचलून तिला आपल्या बहिणीकडे सोडून आला. जाताना सासूबाईंनी नातीला जवळ घेतलं नाही. लांबूनच म्हणाल्या, "नीट जेव बाळा." नवऱ्यानं त्या रात्री बाहेरच्या खोलीत अंथरूण घातलं, आणि तिनंही त्याला आत बोलावलं नाही. तिला वाटलं, पोर बरी झाली की आपोआप सगळं निवळेल.

आता तिनं लेकीला बरोबर कामावर न्यायला सुरुवात केली. स्वतः शिजवलेलं, स्वतः डब्यात भरलेलं, स्वतः भरवलेलं. डोळ्यांत तेल घालून पहारा. कंपनीतल्या कुणी गालाला हात लावला तरी ती म्हणायची, "हात धुतलेत का?" लोक हसायचे, मग हसेनासे झाले. नवरा बाहेरून आला की ती त्याच्या डब्याचं झाकण उघडून हुंगायची. तो डबा तिच्याच हातात सोडून बाजूला व्हायचा. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. ही बाई तर पाणीसुद्धा फुंकत होती.

पोट मात्र फुगलेलंच. पुढच्या वेळी आकडा आणखी चढलेला.

"आता घरात कोण असतं हिच्याजवळ?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मीच."

त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. आपल्याकडे असं कुणी बघितलं की कसं वाटतं, ते तिला पहिल्यांदाच कळलं. रस्ताभर ती मनातल्या मनात स्वतःची बाजू मांडत राहिली.

त्याच आठवड्यात कंपनीचा मॅनेजर सिंहाचा मुखवटा नाचवत तिच्या खोलीत आला.

"बाई, या सिंहाचं नाक कुठाय? परवा प्रयोग आहे. सिंह म्हणून काय मांजर उभं करू?"

तिनं मुखवटा हातात घेतला. नाकाचा शेंडा पार कुरतडलेला होता. कडांवर बारीक दातांच्या खुणा.

"उंदीर," ती म्हणाली. "मोरचूद संपलंय म्हणून कधीची सांगतेय तुम्हाला. तुम्ही आणलं नाहीत, मी या वेळी तसंच चिकटवलं."

"म्हणजे नुसता मैदाच लावलात की!" मॅनेजरनं कपाळावर हात मारला. "मग उंदीर सोडतील होय? त्यांना काय, पाव काय आणि सिंह काय!"

तो बडबडत निघून गेला. ती मुखवटा धरून उभीच राहिली.

मैदा. हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच होतं? पंधरा वर्षं ती मैदा पाण्यात कालवून, ढवळून, बादलीभर खळ शिजवत होती. पण तिच्या लेखी मैदा स्वयंपाकघरात असतो. बादलीत असते ती खळ. डिंक जसा, सरस जसा, तशी खळ. ती कुणी खात नाही.

कोपऱ्यात जुन्या झग्यांच्या ढिगावर भिंगरी बसली होती. खिडकीकडे बघत, निवांत. हत्तीची सोंड तोंडात. कालच नवीन लावून दिलेली, आणि आज पुन्हा अर्धी झालेली.

विष नको म्हणून ज्या हातांनी वेगळी, स्वच्छ खळ शिजवली होती, त्याच हातांनी ती दर आठवड्याला लेकीला गहू भरवत आली होती. पहिल्या दिवसापासून, न चुकता. सगळ्या घराचे खिसे उलटे करून झाले होते, फक्त स्वतःचा पदर झटकायचा राहिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि त्या वळशात एक म्हातारी घराबाहेर गेली होती.

तिनं लेकीच्या तोंडातून सोंड काढली. भिंगरीनं भोकाड पसरलं. तीही रडली, आणि बराच वेळ कोण कुणाला समजावतंय ते कळत नव्हतं.

संध्याकाळी ती तशीच नणंदेच्या दारात उभी राहिली, कडेवर पोर, पिशवीत हत्ती. नणंदेनं दार उघडलं, पण वाट दिली नाही.

"आता काय, आमची झडती घ्यायची राहिलीय?"

"आईंना भेटायचंय."

"चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू. दिवसातून दहा वेळा हात धुते ती. कातडी निघालीय."

ती दारातून हलली नाही. नणंद शेवटी बाजूला झाली.

सासूबाई आत पलंगावर बसल्या होत्या. नातीला बघून त्यांचा चेहरा उजळला, आणि लगेच त्या भिंतीला सरकल्या.

"तिला माझ्याजवळ देऊ नकोस गं. मी दिलं असेल काहीतरी. आठवत नाही, पण दिलं असेल. माझ्या हातांचा आता मलाच भरवसा नाही."

तिनं पिशवीतून हत्ती काढून त्यांच्यासमोर ठेवला. आपल्याला रडू येणार नाही असं ती वाटेत ठरवून आली होती.

"तुम्ही नाही दिलं, आई. मी दिलं. ही खळ मैद्याची आहे. पोर पहिल्यापासून हेच चोखतेय. मीच करून देत होते."

सासूबाईंनी हत्तीकडे पाहिलं. त्याला हात मात्र लावला नाही.

"म्हणजे मी नव्हते?"

"नाही."

"नक्की? नीट आठव. मी नव्हते?"

"तुम्ही नव्हतात, आई. माझं चुकलं. फार चुकलं. घरी चला."

सासूबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. त्या नुसत्याच लालभडक, भेगाळलेले हात मांडीवर ठेवून बसल्या.

भिंगरीला ही शांतता सोसेना. ती आईच्या कडेवरून खाली घसरली, आजीपाशी गेली आणि तिच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "आजी, तू खा बिस्कीट. मी राखण करते."

आणि ती काटकुळ्या पायांनी तुरुतुरु दारात जाऊन उभी राहिली. बाहेर बघितलं, आत बघितलं. आत आई होती. तेव्हा नियमाप्रमाणे ती दोनदा खोकली.

सासूबाईंनी, हातात काहीही नसताना, दोन्ही हात झटकन पाठीमागे लपवले.