दिलं की गेलं

बाबांच्या फोनची बॅटरी फुगली होती. तो केव्हाही बंद पडला असता, आणि त्यात आमच्या सामोआतल्या गावच्या चर्चमधल्या तालमींची बारा वर्षांची ध्वनिमुद्रणं होती. तिथली गाणी बाबाच बसवायचे. ती सगळी वायफायवरून माझ्या कॉम्प्युटरवर घ्यायची होती. फोन परवानगी मागायचा आणि आई 'नाही' दाबून मोकळी व्हायची.

"आई, अगं असं काय करतेस?"

"तू परवा ऑकलंडला जाशील, हे घेऊन जाशील. मग माझ्याकडे काय राहील?"

"सगळं राहील."

"मला शिकवू नकोस, लूपे. त्यांच्या मातीला आलेल्यांना रीतीप्रमाणे घरातल्या अकरा तलम चटया दिल्या. एक तरी राहिली का?"

मी म्हणाले, "तू मला स्तोत्रं शिकवलीस. म्हणून तू ती विसरलीस का?"

आईने माझ्याकडे बघतच 'हो' दाबलं. शेवटची फाइल पोचताच तिने घाईघाईने फोनवर एक तालीम लावली.

"मागच्या रांगेतले, ओरडू नका! देव बहिरा नाही!" बाबा खेकसले.

मी तीच फाइल कॉम्प्युटरवर लावली. बाबा तिथूनही खेकसले.

आई हसली, मग तिने डोळे पुसले. "आता दोघं झाले," ती म्हणाली. "एकालाच आवरताना माझ्या नाकी नऊ यायचे."