पेरूतली अळी

हडपसरला कॅनॉलकाठच्या मंडपात शेपाचशे डोकी दाटली होती आणि प्रत्येक डोकं दुखत होतं. किडेबाबांनी एकाच्या नाकात कुंडातलं कोमट 'तीर्थ' ओतलं, कापसाची वात फिरवली आणि वळवळती पांढरी अळी चिमटीत धरून उंचावली.

"मेंदूत घर करून बसला होता! एमआरआयला दिसला? मशीनला भक्ती नसते, बाबांनो!"

टाळ्या पडल्या. दीपाली आईसोबत मंडपाच्या कडेला उभी राहून बघत होती. गेल्या महिन्यात बाबांच्या याच ओट्यावर तिचा धाकटा भाऊ केदार बसला होता. अर्धशिशीवर उपाय म्हणून आईनेच, मुक्ताबाईंनी, त्याला आणलं होतं. निघालेली अळी कुंकवाच्या डबीत जपूनही ठेवली होती.

आठवड्याभरात केदारला ताप चढला, मान ताठरली. तो घरच्यांना ओळखेना. "अजून एक किडा उरलाय," बाबांचा निरोप आला. दीपालीने कुणाचं न ऐकता त्याला इस्पितळात नेलं. कण्यातून काढलेल्या पाण्यात नेहमीच्या तपासण्यांना काहीच सापडेना. शेवटी दीपाली काम करते त्याच प्रयोगशाळेत त्या पाण्यातली सगळी जनुकीय अक्षरं यंत्राने वाचली. बहुतेक केदारची होती. थोडी एका अमीबाची. साठलेल्या कोमट पाण्यात राहणारा हा जीव प्यायल्याने काही करत नाही. नाकात गेला, तर वासाच्या नसेवरून मेंदूत चढतो. औषधं सुरू झाली, पण फार उशीर झाला होता. केदार गेला.

आता ती आईला घेऊन ओट्यापाशी गेली.

"बाबा, तुमचा किडा वाचून आणलाय."

"किडा वाचतात होय ताई?" बाबा हसले. मंडपही हसला.

"वाचतात. आईने डबीत जपलेली ती पेरूवरच्या फळमाशीची अळी आहे. पेरूतली अळी माणसाच्या मेंदूत कुठून आली? पुढच्या माणसासाठी हातात घेतलीत ती वात उलगडा बघू."

बाबांनी मूठ आवळली. पुढे बसलेल्या गेनबा नावाच्या म्हाताऱ्याने ती बळंच उघडली. कापसाच्या घडीतून दोन अळ्या टपकल्या.

"माझ्या भावाच्या, केदारच्या मेंदूत खरंच काहीतरी शिरलं होतं. तेही या कुंडातूनच. आम्ही इथलं पाणी तपासलंय."

रांगेतली पहिली बाई मुलीची मान मागे कलवून उभी होती. ती पुटपुटली, "पर बरं वाटतं म्हंत्यात."

मुक्ताबाई पहिल्यांदाच बोलल्या. "माझ्या केदारलाबी वाटलं हुतं. त्याची मान मी अशीच धरली हुती, बाई. पाणी नीट आत जावं म्हणून." त्यांनी मुलीच्या कपाळावर हात ठेवला. "डाक्टर गाठ. आन् कुनीबी काय काढून दावलं, तर इचार, ह्ये आलं कुठनं? मी न्हाई इचारलं."

बाईने मानेवरचा हात काढून घेतला. मुलीची मान सरळ झाली.