अस्वलाचं जुनं नाव

मी एक शब्द आहे. अस्वलाचं फार जुनं नाव. माझं वय विचारू नका, मलाच नक्की ठाऊक नाही; पाच-सहा हजार वर्षं धरा. मला बोलणारी माणसं कधीच मातीला मिळाली. लेकरं तेवढी उरली: संस्कृतातला ऋक्ष, ग्रीकमधला आर्क्तोस, लॅटिनमधला उर्सुस.

या भावंडांना शेजारी शेजारी बसवून, कुणाचं नाक कुणावर गेलंय हे ताडत एका प्राध्यापकांनी मला कार्डावर उतरवलं. माझ्याआधी एक तारा काढला. तारा म्हणजे हा शब्द कुणी ऐकलेला नाही, नुसता अंदाज आहे. मला जरा लागलंच ते.

त्यांची मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. "बाबा, अस्वलाचं पहिलं नाव म्हणा ना," म्हणून मागे लागायची. ते घसा खरवडून मला म्हणायचे, की ही अस्वल आल्यासारखी टेबलाखाली. इतक्या काळानं कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी हरखून जायचो.

मग ती तापानं गेली. त्यानंतर त्या घरात तिचं नाव कुणी घेतलं नाही. तिची खोली 'मागची खोली' झाली, ती गेली ते साल 'त्या वर्षी' झालं. दोघं नवरा-बायको एकमेकांना जपत होती.

तीस वर्षांनी प्राध्यापक सरांचं जुन्या शब्दांवरचं पुस्तक पुरं होत आलं. प्रकरण झालं की बायकोला वाचून दाखवायची सरांची सवय. बाई भाजी निवडत ऐकायच्या. माझ्या प्रकरणात होतं, की युरोपात उत्तरेकडच्या काही लोकांनी मला टाकलं आणि अस्वलाला 'तपकिरी', नाहीतर 'मध खाणारा' म्हणू लागले.

"का हो?" बाईंनी विचारलं.

"भीती असावी. नाव घेतलं की ते समोर येईल, असं वाटत असणार."

बाईंचे हात थांबले. "मग आपण का घेत नाही? ती आली तर हवीच आहे की आपल्याला."

सरांनी तोंड उघडलं. हजारो वर्षांपूर्वीचे उच्चार सांगणाऱ्या माणसाला स्वतःच्या लेकीचं नाव जमेना. शेवटी बाईंनीच ते घेतलं, आणि दोघं खूप रडली.

सर आता नाहीत. बाई सकाळी मागची खोली झाडताना लेकीला हाक मारतात, एकट्याच. माझी निदान लेकरं मागे राहिली. बाईंनंतर ते नाव घेणारं कुणी नाही, या दुःखानं माझा जीव तुटतो.

तुमच्या घरात एखादं नाव असं गप्प बसलं असेल, तर आज मोठ्यानं घ्या. दारात कुणी येणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. तरी घ्या.