काचेवरची पेन्सिल

लग्नात फोटो काढणाऱ्याला एक बटण दाबावं लागतं, बाकी सगळं मदतनीस करतो. उमरग्यात गुरुसिद्धप्पांच्या स्टुडिओत मी तो मदतनीस होतो. तिवई वाहणं, चौकटीत काचा भरणं, रुसलेल्या आत्याबाईंना पुढच्या रांगेत आणून बसवणं आणि सगळ्यांना हलू नका म्हणून दटावणं, ही माझी कामं. नाव मात्र मालकांचं. त्याचं मला फारसं वाईट वाटत नसे, कारण एक काम त्यांना येत नव्हतं आणि मला येत होतं. ते म्हणजे रिटचिंग.

फोटोच्या काचेवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरची सावली तिथं कोरी दिसते आणि उजेड काळा. खिडकीशी बसून त्या कोऱ्या जागी टोकदार पेन्सिल हलक्या हातानं फिरवली की कागदावर देवीचे व्रण बुजतात, सुरकुत्या जातात. नवरदेवाच्या आईला वाटतं, आपलं पोरगं मुळातच देखणं आहे. मी कितीतरी कुरूप माणसांचे संसार असे सुरू करून दिले आहेत, आणि त्याचा मला गर्वही होता.

अठ्ठेचाळीसच्या माघात माकणीला सोमलिंगचं लग्न झालं. आईबाप लहानपणीच गेलेले, पोरगा सोलापुरात मामाकडं वाढलेला. गावाला त्याचा चेहरा धड ठाऊक नव्हता, आणि लग्नाचे चार दिवस तो मुंडावळ्यांत आणि भस्मातच होता. मी मात्र त्याला खुर्चीत नीट बसवताना जवळून पाहिलं. जुळलेल्या भुवया, आणि हनुवटीवर बोट ठेवावं अशी खोल खळी. शेजारी इरम्मा मान खाली घालून बसली होती. मान वर कर म्हटलं तर आणखी खाली घाली.

पाचव्या दिवशी सोमलिंग हद्दीपलीकडच्या कँपात गेला. निजामाविरुद्ध लढणाऱ्या पोरांचा तो कँप. आठवड्याभरात ठाण्यातून शिपाई आला. अमीनसाहेबांना, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांना, त्या लग्नाचा फोटो हवा होता, नाक्यानाक्यावर दाखवायला. संध्याकाळपर्यंतची मुदत.

गुरुसिद्धप्पा घाबरले. काच फुटली म्हणून सांगावं, की चाकूनं चेहराच खरवडावा, त्यांना सुचेना. फुटली म्हटलं असतं तर दोघंही आत गेलो असतो, आणि चाकूची खूण लपत नाही. मी काच घेऊन खिडकीशी बसलो. दोन भुवयांमधली जागा भरली, हनुवटीची खळी बुजवली, गाल थोडे भरले. कागदावर एक सरळसाधा, कुणाच्याही लक्षात न राहणारा नवरदेव आला. शिपाई तो घेऊन गेला. त्या दिवशी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

आषाढात सोमलिंग हद्दीवरच्या चकमकीत मारला गेला. इरम्माच्या वडिलांनी फोटो मागवला, तेव्हा मी त्याच काचेवरून छापून पाठवला. पेन्सिल पुसायला हवी होती. ठाण्याची भीती होती हे खरं, पण अर्धवट खरं. काम इतकं सफाईदार झालं होतं की पुसवेना, हे दुसरं अर्ध.

पुढं राज्य बदललं. एकोणपन्नासच्या मार्गशीर्षात इरम्मा वडिलांबरोबर स्टुडिओत आली. कडेवर दहा-अकरा महिन्यांचं पोर होतं. तिनं फोटो टेबलावर ठेवला आणि एवढंच विचारलं, "अण्णा, फोटो खोटं बोलतो का?"

मग वडिलांनी सगळं सांगितलं. सोमलिंग चैत्रात एकदा चोरून आला होता, एक दिवस राहून गेला. इरम्माशिवाय कुणी पाहिलं नाही. पोर पौषात झालं. सोमलिंगचा चुलता शरणबसप्पा माघापासून महिने मोजून दाखवत होता, आणि तेवढ्यानं भागलं नाही की फोटो दाखवत होता: पोराच्या हनुवटीला एवढी खळी, फोटोत कुठं आहे? पोर आपलं नाही ठरलं की पुतण्याचं रान त्यालाच राहणार होतं. सोमवारी मठात बैठक होती. साक्षीला सोलापूरचा मामाही आता हयात नव्हता. गाव म्हणत होतं, माणूस विसरेल, फोटो कसा विसरेल?

"माझ्याच डोळ्यांवर माझा भरवसा न्हाय राह्यला," इरम्मा म्हणाली. "खळी व्हती, असं वाटतंय. पर फोटोत न्हाय."

मी पोराकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघून हसलं, आणि खळी आणखी खोल गेली. एका माणसाला वाचवायला म्हणून मी त्याचा चेहरा पुसला, आणि त्याच्या मागं राहिलेल्या बाईची अब्रूही त्याबरोबर पुसत आणली.

मठात खरं काय ते सांगतो म्हटल्यावर गुरुसिद्धप्पा भडकले. आपण चेहरे बदलतो हे कळलं तर दारात गिऱ्हाईक उभं राहील का, म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. पण सोमवारी सकाळी मी काच गुंडाळायला घेतली तेव्हा माझ्या पिशवीत उन्हात छापायच्या कागदाचं पाकीट आधीच ठेवलेलं होतं. मालक माझ्याशी दोन दिवस बोलले नव्हते, तरीही.

मठाच्या कट्ट्यावर गाव जमलं होतं. मी स्वामींच्या पाया पडलो आणि सरळ सांगितलं, की फोटो खोटा आहे आणि खोटेपणा माझा आहे. शरणबसप्पा हसला. म्हणाला, आज हे खळी काढून दाखवतील, उद्या शेपूट. लोकही हसले. बोलून उपयोग नव्हता. मी काच सगळ्यांसमोर धरली, टर्पेंटाइनचा बोळा हनुवटीवरून, भुवयांवरून फिरवला आणि पेन्सिलीची काजळी स्वामींना दाखवली. चाकू लावला असता तर त्या काचेत आता काहीच उरलं नसतं.

चौकटीत काच आणि कागद घालून मी ती उन्हात ठेवली. स्वामींनी कुणालाही तिच्याजवळ जाऊ दिलं नाही, मलासुद्धा. थोड्या वेळानं त्यांनीच उघडायला सांगितली. तांबूस कागदावर आधी मुंडावळ्या दिसल्या, मग जुळलेल्या भुवया, मग हनुवटी. स्वामींनी इरम्माच्या कडेवरचं पोर मागून घेतलं आणि कागद त्याच्या तोंडाशेजारी धरला. शरणबसप्पानं पटका झटकला आणि उठून गेला.

मी इरम्माला सांगितलं, हा कागद अजून कच्चा आहे, औषधात धुवून पक्का करून देतो, आणि तो जुना मला द्या, फाडून टाकतो. तिनं जुना फोटो पदराखाली घेतला.

"न्हाय अण्णा. चैत्रात आले तवा ते हसत सांगत व्हते, नाक्यावर माझाच फोटो व्हता, शिपायानं माझ्या म्होरं धरला आन् जा म्हणाला. कसं काय, ते आज कळलं." तिनं पोराच्या हनुवटीवर बोट ठेवलं. "त्यो खोटा फोटो नसता, तर ह्यो कुठनं आला असता? दोन्ही ऱ्हाऊ द्या."