टेम्पोतली दुसरी बाई

सुकेशनीला ताप नव्हता, खोकला नव्हता. तरी वाशिमला विलगीकरणासाठी घेतलेल्या वसतिगृहातल्या तिच्या खोलीला बाहेरून कडी होती. पुण्याला पाठवलेल्या तिच्या नमुन्यात कोरोनाचं नवं रूप सापडलं होतं. जिल्ह्यात दुसऱ्या कुणात ते अजून दिसलं नव्हतं. तपासणी निगेटिव्ह येईपर्यंत सुटका नव्हती. इंझोरीला नवऱ्याजवळ असलेली लेक आता फोनवर यायलाही कंटाळली होती.

डॉक्टर उज्ज्वला रोज दारातून तेच विचारायच्या. "मुंबईहून येताना टेम्पोत तुझ्याजवळ कोण बसलं होतं?"

"कोनी नाई."

खरं तर केनवडच्या भागिरथाबाई बसल्या होत्या. म्हातारी आई अंथरुणाला खिळली म्हणून बांधकामावरचं काम टाकून निघालेल्या. थंडीत त्यांनी आपली अर्धी शाल सुकेशनीच्या अंगावर ओढली होती. नाव घेतलं तर त्यांनाही इथे कोंडतील, हे तिला दिसत होतं.

एके दिवशी उज्ज्वलाताई उंबऱ्याबाहेर खालीच बसल्या. "हे कुठवर गेलंय तेच कळत नाही गं. तू धडधाकट राहिलीस. एखाद्या थकल्या म्हातारीला झालं तर?"

सुकेशनीनं नाव सांगितलं.

भागिरथाबाईंना शेजारच्या खोलीत आणलं. त्या पॉझिटिव्ह निघाल्या; आईला लागण नव्हती. सुकेशनी खिडकीतून हाका मारायची. शेजारची खिडकी बंद व्हायची.

मग त्यांचाही अहवाल पुण्याहून आला. उज्ज्वलाताईंनी दोन खिडक्यांच्या मध्ये उभं राहून समजावलं, की विषाणू पसरताना थोडा थोडा बदलतो आणि त्या बदलांवरून कुणाचा कुणाकडून आला ते कळतं. भागिरथाबाईंचा विषाणू जुन्याच रूपाचा होता. "तुम्हाला एकमेकींपासून झालेला नाही."

"मंग मले सोडा," भागिरथाबाई म्हणाल्या.

"जुना असला तरी अंगात आहेच ना. इतक्यात नाही सोडता येणार."

उज्ज्वलाताई गेल्यावर सुकेशनी म्हणाली, "बाई, तुमचं नाव मीच सांगतलं."

"मालूम हाय मले." मग गजांमागून आवाज आला, "चांगलं केलं का वाईट, समजतच नाई. वयनी मायच्या जवळ जात नाई. भेव वाटते तिले. तोंडात पानी तरी कोन घालून राह्यलं असन?"

सुकेशनी आधी सुटली. फाटकाबाहेर येताच तिनं नवऱ्याला फोन लावला. "मी आज येत नाई. केनवडले जाऊन राह्यली."

"काहून?"

"मंग सांगतो."

केनवडला म्हातारीच्या सुनेनं लांबूनच मागची खोली दाखवली. म्हातारीचे ओठ सुकून फाटले होते. सुकेशनीनं चमच्यानं पाणी घातलं.

"भागिरथा आली का?"

सुकेशनीनं परत चमचा भरला. "हो, माय."

म्हातारीनं तिचं मनगट धरलं. संध्याकाळची एसटी गेली, तरी ती पकड सुटली नाही.